वरच्या दोन तारा

३ सप्टेंबर, बुधवार

ती. मावशीस,
सा. न.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहिते. शनिवारच्या कार्यक्रमात काय झालं ते क्रमाने असं :

१. तुझा सेलो आणि माझं यंत्र यांची आपली रचना सात वाजून बावन्न मिनिटांनी सुरू झाली आणि ठरल्याप्रमाणे तेवीस मिनिटं चालली.

२. पहिली चार मिनिटं वीस सेकंद तुझ्या सेलोचा माइक सभागृहासाठी चालू होता.

३. तेवढ्या वेळात तुझा गज तीनदा तारेवरून घसरला. दोन सूर लागलेच नाहीत.

४. चार मिनिटं वीस सेकंदांवर मी तुझ्या माइकचा आवाज शून्यावर आणला.

५. त्याच क्षणी लॅपटॉपवरून तुझा पूर्ण भाग सुरू केला. माझ्या यंत्राच्या भागासाठी मार्चमध्ये तुझ्या घरी आपण सेलोचा एकेक सूर सुटा रेकॉर्ड केला होता. त्या सुरांमधून हा भाग मी तालमीसाठी जुळवून ठेवला होता. तू तालमीला आली नाहीस की मी तो लावत असे.

६. तुझ्या कानात तुझा स्वतःचा माइक आणि तालाची टिकटिक पहिल्यासारखीच येत होती, त्यामुळे तुला काही कळलं नाही. गजाची ये-जा आणि स्पीकरमधला आवाज यांचा मेळ बसला.

७. उरलेली अठरा मिनिटं चाळीस सेकंद सभागृहाने तुला ऐकलं नाही.

८. लोक उभे राहिले.

हे तुला कधीच सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण काल या कार्यक्रमाची रेकॉर्ड काढणाऱ्या बाईंनी तू त्यांना पाठवलेलं पत्र मला वाचून दाखवलं. 'माझी भाची हुशार आहे, पण तिची खटपट सेलोच्या अंगावर धुळीसारखी बसते. रेकॉर्डवर यंत्राचा भाग निम्म्याने कमी करावा.' सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण होतं. समीक्षकाच्या एका वाक्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस : 'बाराव्या मिनिटाला यंत्र मागे सरतं आणि एक जिवंत, सगळं सोसलेला हात बोलू लागतो.'

बाराव्या मिनिटाला सभागृहात यंत्राखेरीज काहीही नव्हतं.

तुझी अट मी पाळली आहे, हेही नोंदवते. 'बाहेरचा एकही आवाज नको, प्रत्येक सूर माझ्या हातचा हवा,' असं तू म्हणाली होतीस. त्या रात्री वाजलेला प्रत्येक सूर तुझ्याच हातचा होता. फक्त मार्चमधल्या हातचा. त्यामुळे यंत्र निम्म्याने कमी करायचं म्हणजे तुलाच निम्म्याने कमी करायचं. तसं करायचं असेल तर कळव.

तुझी,
मोठी


७ सप्टेंबर

चि. इंजिनीअरबाई,
अ. आ.

आठ कलमी पत्र मिळालं. कोर्टातसुद्धा शेवटी आरोपीला विचारतात की बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का. तू तेवढंही विचारलं नाहीस. तरी म्हणते.

माझा हात कापतो, हे मला तुझ्याकडून कळायला नको. तो माझ्या खांद्याला लटकलेला आहे, तुझ्या मिक्सरला नाही. त्या दिवशी कानात प्रत्येक घसरण मला ऐकू येत होती. तीन काय घेऊन बसलीस, पुढच्या तू मोजल्याच नाहीस. तरीही लोक उभे राहिले. मला वाटलं, त्रेसष्टाव्या वर्षी का होईना, लोकांना घसरणीच्या खालचं ऐकू यायला लागलं. पाच दिवस मी त्यावर जगले. धाकटीला म्हटलंही, बघ, चुका ऐकूनसुद्धा माणसं उठतात, याला वाजवणं म्हणतात. ती मान खाली घालून ताट पुसत होती. का, ते आता समजलं.

पाच दिवस फुकट मिळाले म्हणायचे. ते तू परत घेतलेस. बरं केलंस, माझ्याकडे कुणाचं काही ठेवायची मला सवय नाही.

आता तुझं तुला परत देते.

मार्चमध्ये अकरा दिवस तू माझ्या घरी येत होतीस. मी आतल्या खोलीत, तू भिंतीपलीकडे. वाजवताना मला कुणी बघायचं नाही, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. मी आधी सूर पुकारायचा, मग वाजवायचा. 'डी तार, तिसरा सूर, हलका, गज खाली.' मग सूर. आठवतं?

सहाव्या दिवसापासून पुकारत होते मी. वाजवत होती धाकटी.

तुझी सख्खी बहीण. तू कानाला ती डबडी लावून पलीकडून म्हणायचीस, 'सुरेख, मावशी. आता हाच जरा जोरात.' सहा दिवस! मी तोंडावर पदर धरून हसत होते. तुझ्याकडे म्हणे माणसाला ऐकू येत नाही तेही दाखवणारे आलेख आहेत. त्यात तुझी बहीण कुठे दिसली नाही का गं?

तू अकरा वर्षांची असताना मी तुला शिकवायला नकार दिला. तुझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. 'पोरीचा कान इतका तयार आहे,' म्हणायची. मी म्हटलं, तिचा कान मोजतो, ऐकत नाही. बिचारी गेली तोवर तिला ते पटलं नाही. तुला तरी आता पटावं.

बाराव्या मिनिटाला बोलणारा 'सगळं सोसलेला हात' चोवीस वर्षांच्या पोरीचा होता. तुझ्या समीक्षकाला कळव. मी कळवणार नाही.

तुझी मावशी


९ सप्टेंबर

धाकटे,

तीन प्रश्न आहेत. फक्त हो किंवा नाही लिही.

१. मार्चमध्ये सहाव्या ते अकराव्या दिवसापर्यंत आतल्या खोलीत सेलो तू वाजवलास का?
२. मावशीने त्या दिवसांत तू कामावर गेली आहेस असं मला सांगितलं. तू घरातच होतीस का?
३. आपले सूर कार्यक्रमात वापरले जाणार, हे तुला कुणी सांगितलं होतं का?

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

परीक्षेचा पेपर पोचला. हो. हो. नाही. झाले का मार्क? आता जरा माणसासारखं बोलू. फोन करू नकोस, मावशी शेजारच्या खोलीतूनही ऐकते. हे मी चष्म्याच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

सहाव्या दिवशी सकाळी मी भांडी विसळत होते. कामावर निघायला दहा मिनिटं होती. आतून डी तारेचा पहिला सूर ऐकू येत होता, म्हणजे लागत नव्हता. मी मोजलं नाही, पण नऊ-दहा वेळा झालं असेल. मग तुझ्या बाजूचं दार वाजलं, तू बाहेर पाणी प्यायला गेलीस. आणि स्वयंपाकघराकडच्या दारातून ती आली. तिचा अंगठा असा आत वळलेला, जणू दुसऱ्या कुणाचा. म्हणाली, 'हात पूस आणि ये.' बस्स, एवढंच. दुकानात फोन करून ताप आलाय म्हणून तिनेच सांगितलं. मला बोलायलासुद्धा लावलं नाही.

नऊ वर्षांत तिच्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले. तिचा सेलो, तिचा गज. ती माझ्या मागे उभी. सूर पुकारायची आणि तो बरा लागला नाही की बोलता येत नाही म्हणून खांद्याला चिमटा काढायची. सहा दिवस. आंघोळीला कपडे काढले की खांदा बघून मलाच हसू यायचं, जांभळाच्या झाडाखाली उभी राहिल्यासारखा. चांगला सूर लागला की चिमटा नाही. तेवढंच बक्षीस. पण खरं सांगू? अकराव्या दिवशी पूर्ण ए तार एकाही चिमट्याशिवाय झाली. त्या दिवशी मी दुपारी जेवलेच नाही, भूकच नव्हती.

कार्यक्रमाला मी दुसऱ्या रांगेत होते. तुला तिथून दिसले नसेन. मागच्या लोकांना फक्त स्पीकर. मला दोन्ही ऐकू येत होतं, ताई. समोरून तिचा खरा गज, खरवडणारा, उघडा. आणि डोक्यावरून ते दुसरं. पहिल्यांदा वाटलं, तिच्याच जुन्या रेकॉर्डिंगचं काहीतरी असेल. मग तो एफ आला. तुला माहितीये, आमच्या सेलोवर तो एक सूर सरळ लागत नाही, आधी गुरगुरतो. वाजवणारे त्याला लांडगा म्हणतात. मावशी गुडघ्याने सेलोचं पोट दाबून त्याला गप्प करते. मला ते कधी जमलं नाही, मी गजावर भार टाकते, मग तो गुरगुरत गुरगुरत उघडतो. स्पीकरमधून तसाच उघडला. मी म्हटलं, अगं बाई, ही तर मी!

माझ्या शेजारची बाई रडत होती. मी तिला रुमाल दिला. माझंच वाजवणं ऐकून रडणाऱ्या बाईला माझाच रुमाल. हे कुणाला सांगू? तुला सांगितलं.

आता तू काय करणार ते मला माहितीये. तू नाव छापायला निघशील. नको. मला छापील नाव नको आहे, मला तिच्या तोंडून हवंय. 'ते हिने वाजवलं.' चारचौघांत नको, स्वयंपाकघरात चालेल. नऊ वर्षं 'अजून हात तयार नाही' ऐकतेय. तयार नव्हता तर सहा दिवस काय केलं मग?

तिने मंगळवारपासून सेलो पेटीबाहेर काढलेला नाही. तुमचं काय ते तुम्ही दोघी बघा. एकमेकींचे केस उपटा. पण माझ्या हातांनी नको.

आणि तू, ताई? सहा दिवस कानाला लावून मला ऐकत होतीस. एकदाही वाटलं नाही?

धाकटी


१६ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

तुझं म्हणणं तपासलं. ते बरोबर आहे.

एकूण सूर चारशे अठ्ठेचाळीस. पहिल्या पाच दिवसांत खालच्या दोन तारा, सी आणि जी, दोनशे चोवीस सूर. ते तुझे. पुढच्या सहा दिवसांत वरच्या दोन तारा, डी आणि ए, तेवढेच सूर. ते धाकटीचे. एफ हा सूर जी तारेवरही येतो आणि डी तारेवरही. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. जी तारेवर सुराआधी लाकूड किंचित दबल्याचा आवाज आहे आणि सूर लगेच उघडतो. डी तारेवर लाकडाचा आवाज नाही, सूर उघडायला पाऊण सेकंद घेतो. हा फरक मला मार्चमध्ये दिसला होता. 'तार वेगळी आहे' असं मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले.

माझी दुसरी चूक याहून मोठी आहे. सहाव्या दिवशी मी पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. परत आल्यावर तो मधला रिकामा तुकडा न ऐकता कापला. कापलेलं मी कधी फेकत नाही. रविवारी ऐकलं. त्यात असं आहे :

तू : बस. खुर्ची पुढे घे.
धाकटी : ताईला कळेल.
तू : तिला काय कळतंय! ती सूर ऐकत नाही, आकडे बघते.
धाकटी : मग माझं नाव...
तू : तुझं नाव कशाला त्यात? भांडं चुलीवर कुणी ठेवलं म्हणून स्वयंपाक त्याचा होतो का? गप्प बस. आणि खांदा खाली.

आकडे बघण्याबद्दल तू बोललीस ते मान्य. मी आकडेच बघत होते.

पण तू पदर तोंडावर धरून हसत होतीस, हे मान्य नाही. त्या तुकड्यात धाकटी येण्याआधी चार मिनिटं तू एकटी आहेस. तिथे हसणं नाही. तिथे जे आहे ते मी लिहीत नाही. फाइल माझ्याकडे आहे.

तू मला फसवायला तिला बसवलं नाहीस. तुला वाजवता येईना म्हणून बसवलंस आणि नंतर त्याला डाव म्हणालीस.

रेकॉर्डच्या वेष्टनावर 'सेलो' या शब्दापुढे दोन नावं जातील. पहिलं तुझं. तुझी हरकत असल्यास कारणासह कळव.

मोठी


२० सप्टेंबर

मोठे,

कारणासह कळवते. लिहून घे, तुला आवडतं.

ते हात तिचे आहेत. हातांत जे आहे ते माझं आहे. पंधराव्या वर्षी माझ्या दारात आली तेव्हा ही पोर गज काठीसारखा धरायची. मनगट मी वळवलं. कान मी उघडला. कुठे थांबायचं, कुठे सूर सोडून द्यायचा, श्वास कधी घ्यायचा, सगळं मी रोज सकाळी दोन तास, नऊ वर्षं तिच्या अंगात भरलं. तिच्यात तिचं असं काय आहे? तो एक गुरगुरणारा एफ. तो तिला खुशाल देऊन टाक.

तू मोठ्या अभिमानाने सांगत फिरतेस की माणूस खोलीत नसला तरी त्याचा सूर राखता येतो. सुटे सूर गोळा करायचे, यंत्रात भरायचे, हवे तसे जुळवायचे, आणि तरी म्हणायचं की हे अस्सल, कारण मूळ हात खरा. मग मी काय वेगळं केलं? मीही माझा सूर दुसरीकडे भरून ठेवला. तुझ्याआधी नऊ वर्षं. आणि माझ्या यंत्राला वीज लागत नाही.

तेव्हा मला खरेखोटेपणाचे धडे देऊ नकोस. तू माझा माइक बंद केलास आणि लोकांना सांगितलं नाहीस. मी माझा हात बदलला आणि तुला सांगितलं नाही. आपण दोघी एकाच घरातल्या आहोत, ते लपत नाही.

त्या चार मिनिटांचं म्हणशील तर ती तुझ्याकडेच ठेव. म्हातारपणी ऐकायला होतील. तेव्हा तुझेही अंगठे वळतील.

नाव छापायचं नाही. ती तयार नाही. वाजवते, नाही असं नाही. पण समोर माणूस बसला की चोरासारखी बसते. तिच्या नावाने चार लोक आले, ती त्यांच्यासमोर बसली आणि हात गारठला, की तू तिथे असशील का तिचा माइक बंद करायला?

आणि तरीही छापलंस, तर तिने दुसरं घर बघावं. सेलो माझा आहे. तो इथेच राहील.

तिने तुला पत्र लिहिलंय का? दुकानातली मालकीणबाई म्हणत होती, पोर हल्ली जेवणाच्या सुट्टीत लिहीत बसते. मी तिलाच विचारते.

तुझी मावशी


२७ सप्टेंबर, शनिवार

ती. मावशीस,
सा. न.

धाकटी मंगळवारपासून माझ्याकडे आहे. एक पिशवी घेऊन आली. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाली, 'तिने विचारलं, ताईला काही बोललीस का. मी म्हटलं, हो.' अजून तिने वेगळं काही सांगितलेलं नाही. जेवताना डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर दाबत असते. कोणती रचना आहे ते मला ओळखता आलेलं नाही. हे पत्र मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही. तिने मला हे करू नकोस असं सांगितलं होतं. मी करते आहे.

तुझ्या मुद्द्यावर विचार केला. घडवणाऱ्याचा सूर घडवलेल्यात उतरतो, हे बरोबर आहे. माझ्या कामाचा पायाच तो आहे. पण तुझ्या यंत्रात आणि माझ्या यंत्रात एक फरक आहे. सूर देऊन झाल्यावर माझं यंत्र स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळत नाही.

मी माइक बंद केला आणि लोकांना सांगितलं नाही, हेही बरोबर आहे. मी ते सांगणार आहे. कोणतीही प्रत निघाली तरी वेष्टनावर ही ओळ असेल : 'कार्यक्रमात चार मिनिटं वीस सेकंदांनंतर सेलोचं प्रत्यक्ष वादन श्रोत्यांपर्यंत पोचू दिलं गेलं नाही.' खाली जबाबदार म्हणून माझं नाव. रेकॉर्ड काढणाऱ्या बाईंना कालच कळवलं. यापुढे कुठलं सभागृह मला काम देईल असं त्यांना वाटत नाही. मलाही वाटत नाही.

मी दोन प्रती तयार केल्या आहेत. पेनड्राइव्ह सोबत आहे.

पहिली प्रत लोकांनी ऐकली तशी. त्यात वरच्या दोन तारांचे सूर धाकटीचे आहेत. ही प्रत निघाली तर तिचं नाव लागेल. पण छापील नाव तिला पुरेसं नाही, म्हणून या प्रतीसाठी मला तुझ्या हाताने लिहिलेली एक ओळ हवी : 'डी आणि ए तारांवरचं सगळं तिने वाजवलं.' ही ओळ मी छापणार नाही. तिला देईन.

दुसऱ्या प्रतीतून धाकटीचे सगळे सूर काढले आहेत. माझ्या भागात आता फक्त खालच्या दोन तारा उरल्या आहेत, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ तो गप्प आहे. यंत्र निम्म्याने कमी करावं असं तू कळवलं होतंस, ते आपोआप झालं. त्याच्या जागी तुझा माइक. सभागृहासाठी मी तो बंद केला होता, रेकॉर्डिंगसाठी नाही. तेवीसही मिनिटं पूर्ण आवाजात घेतली आहेत. गज एक्केचाळीस वेळा घसरतो. एकही जागा दुरुस्त केलेली नाही, तालावर ओढलेली नाही, सूर उचललेला नाही. श्वास, खुर्ची, अठराव्या मिनिटाला तू पुटपुटलेला शब्द, सगळं आहे. यात बाहेरचा एकही आवाज नाही. यावर 'सेलो' या शब्दापुढे फक्त तुझं नाव असेल.

चौदाव्या मिनिटाला तू ए तारेवर एक लांब सूर धरतेस. तो सुरुवातीपासून कापतो आणि तू तो सोडत नाहीस, सतरा सेकंद. तो मी चार वेळा ऐकला. याचा निर्णयाशी संबंध नाही.

तू दोन्ही प्रती ऐकाव्यात. कुठली खरी, हे मी ठरवत नाही. दोन्हींवर काय लिहायचं ते मला माहीत आहे, आणि जे लिहीन ते खरं असेल. निवड तुझी. ती तू केली नाहीस तर मी करेन, आणि मी दुसरी प्रत पाठवेन.

धाकटीची गरम कपड्यांची पिशवी आणि दुकानाची किल्ली तुझ्याकडे राहिली आहे. ती पाठवताना सोबत सेलो पाठवू नकोस. तो मी मागत नाही. तिला काय लागेल ते ती स्वतः मागेल.

फाइल सोमवारी, सहा ऑक्टोबरला छपाईला जाते. शुक्रवार, तीन ऑक्टोबर, दुपारी बारा वाजेपर्यंत तुझं लेखी उत्तर माझ्या पत्त्यावर पोचावं, ही विनंती.

मोठी